केळीच्या सोपटाचा पापुद्रा

काचेला चिकटलेली वस्तू न फाडता उचलायची, एवढं एकच काम माझ्या थोरल्या मामाला अख्ख्या गावात सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं. बाकी कामांत तो यथातथाच. खिळा ठोकायला घेतला की आधी बोट ठेचायचा, मग भिंत. मामी म्हणायची, "ह्यांनी हातोडी मागितली की मी आधी चिंधी शोधते, मग हातोडी."

ही विद्या त्याने फोटोच्या दुकानात उचलली. दुकान फोटोवाल्याचं, मामा तिथे हरकाम्या. त्या वेळी फोटो पाण्यातून काढून आरशासारख्या चकचकीत पत्र्यावर पालथे चिकटवायचे. सुकले की तकाकी घेऊन आपोआप सुटून पडायचे. पण दहातला एखादा हट्टी निघायचा. तीन कोपरे सोडायचा आणि चौथा धरून ठेवायचा. नखाने ओढला की संपलं, नेमकं नवरीचं नाक पत्र्यावर राहायचं. मामाने त्यावर इलाज काढला. तोंड पत्र्याजवळ न्यायचं, आ वासायचा आणि छातीतून गरम वाफ सोडायची, हाऽऽ. फुंकर नव्हे. फुंकर गार असते, तिने काही होत नाही. वाफच पाहिजे. मग मनात तीन म्हणायचं आणि कोपरा गुंडाळत उचलायचा. फोटोवाल्याने त्याला बजावून ठेवलं होतं, "हे गिऱ्हाइकासमोर करायचं नाही. आपल्या नवरीच्या तोंडापाशी कुणीतरी तोंड नेतंय हे कळलं, तर माणसं फोटो नेणार नाहीत, मलाच उचलून नेतील."

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि दुकान बसलं. मामा तेव्हा चाळिशीला टेकलेला. शहरातल्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपायाची जागा होती, तिथे तो चिकटला. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, मुलांनी जाळलेल्या तारा बदलायच्या. सगळे त्याला मामाच म्हणायला लागले. सख्खा भाचा मी एकटा, पण तिथे गेल्यापासून तो जगाचा मामा झाला. मला त्याचा थोडा रागच यायचा.

तिथे एक बाई शिकवायच्या. पस्तिशीच्या असतील. आवाज खणखणीत, दार नसलेल्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवून झाला होता तसा. जवळ कागद नसला की डाव्या हाताच्या पाठीवर पेनाने लिहायच्या. संध्याकाळपर्यंत मनगटाच्या वर आकडे चढलेले असायचे. घंटा देणारा शिपाई म्हणायचा, "बाईंचा हात धुतला तर पुस्तक बुडेल."

ह्या बाईंच्या डोक्यात एक खूळ होतं. केळीच्या झाडाने घड दिला की ते तोडून टाकतात आणि त्याचं सोपट, म्हणजे खोडाची सालपटं, कुजत पडतं. त्या सोपटाचे धागे इतके बारीक करायचे की एका केसाच्या रुंदीत हजार शेजारीशेजारी झोपले पाहिजेत. त्यात शिजवलेलं स्टार्च, थोडं ग्लिसरीन आणि करवंटी जाळून केलेली चिमूटभर काजळी घालायची. ते दूध काचेवर ओतून सुकवलं की पातळ पापुद्रा तयार होतो. बाई त्याला फिल्म म्हणायच्या, मामा शेवटपर्यंत पापुद्राच म्हणाला. त्या पापुद्र्यातून वीज वाहायला हवी होती, आणि तो वाकवला, पिळला तरी वाहायला हवी होती. मग त्याच्या पट्ट्या माणसाच्या अंगावर चिकटवता येतील, नाडी मोजता येईल, आणि काम झाल्यावर फेकल्या तर मातीत कुजून जातील. "प्लास्टिक नको, तांबं नको," बाई म्हणायच्या. "शेताच्या बांधावर जे सडतंय त्याच्यातून करायचं."

मामाला ह्यातलं सोपट तेवढं कळलं. तो सायकलच्या मागे बांधून सोपट आणायचा, कोयत्याने तुकडे करायचा, सोड्याच्या पाण्यात दिवसभर उकळायचा. प्रयोगशाळेला गोठ्यासारखा वास सुटायचा. घंटेवाला नाकाला रुमाल लावून दारातून विचारायचा, "मामा, आज व्यायली का?"

"व्यायली," मामा म्हणायचा. "तुझ्यासारखंच झालंय. दोन्ही पाय दारात आणि तोंड चालू."

हे सगळं जमलं, पण घोड्याने पेंड खाल्ली ती शेवटाला. पापुद्रा काचेवरून सुटेना. ओव्हनमधून काढलेली काच आधी दोन दिवस झाकणाच्या मोठ्या भांड्यात ठेवायची. त्या भांड्याच्या तळाला निळे खडे असायचे. खडे हवेतला ओलावा पितात आणि पिऊन तट्ट झाले की गुलाबी पडतात. म्हणजे पापुद्रा कोरडा ठणठणीत करूनच मोजायचा, हा बाईंचा नेम. आणि कोरडा ठणठणीत पापुद्रा काचेला असा बसायचा की ब्लेडने उचलला तर चिंध्या हातात. बाईंनी सहा फाडले. सातव्याला त्या काच टेबलावर ठेवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मामा पुढे झाला. बाईंकडे पाठ केली, काचेवर वाकला, आ वासला. तीन म्हटलं. पापुद्रा अख्खा, वीतभर, काळसर काचेसारखा त्याच्या हातमोज्यावर आला.

"कसं काढलंत?" बाई धावत आल्या.

"हाताला गुण आहे," मामा म्हणाला.

आता हे तो खोटं का बोलला? तर त्या खोलीत भिंतीवर बाईंच्याच अक्षरात पाटी होती. खाऊ नये, पिऊ नये, उघड्या हाताने शिवू नये. कुणी टेबलाजवळ शिंकलं तरी बाई डोळे वटारायच्या. आणि हा तोंडाची वाफ सोडून मोकळा झालेला. उष्टंच की ते. फोटोवाल्याची ताकीदही डोक्यात होतीच. पहिल्या दिवशी लाज म्हणून झाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती लाज ऐटीत बदलली. बाई स्वतः काच त्याच्यासमोर धरायच्या, "घ्या मामा, तुमचं काम," आणि तोंड फिरवायच्या, कारण मामाने सांगितलं होतं, कुणी बघत असलं की हात कापतो.

उचललेला पापुद्रा लगेच पितळेच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायचा, स्क्रू आवळायचा, वीज सोडायची आणि मीटर बघायचं. फाटलेल्या सहांच्या तुकड्यांतून वीज अगदीच नावापुरती गेली होती. ह्या अख्ख्या पापुद्र्यातून शंभरपट गेली. बाईंनी पटापट तीनदा स्क्रू सोडून आवळला. आकडा तोच. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हातावर लिहायला लागल्या, कोपरापर्यंत गेल्या.

त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि अर्थ चुकीचा असला तरी मूर्खपणाचा नव्हता. फाटलेल्यात धाग्यांची वाट तुटते, अख्ख्यात सलग राहते, म्हणून वीज चालते. ह्या एका वाक्यावर त्यांनी दोन वर्षं काम केलं, चाळीस पापुद्रे मोजले. चाळीसही मामाने उचलले, आणि चाळीसही वेळा बाईंनी तोंड फिरवलं. परदेशातल्या एका मासिकात त्यांचा लेख छापून आला. लेखाच्या शेवटी आभारांत मामाचं नाव होतं. बाईंनी त्या पानाची प्रत काढून दिली. मामाने ती काचेच्या चौकटीत बसवून घरात टांगली. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. पाहुणा आला की मामी म्हणायची, "अहो, दाखवा की तुमचं कुठलं ते." मामा काचेवर बोट ठेवायचा. बोटाचा तेलकट ठसा तिथे कायमचा पडला होता, त्यामुळे पुढे पुढे बोट ठेवायचीही गरज राहिली नाही.

लेख वाचून एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. त्यांना ह्याच कामासाठी नवी प्रयोगशाळा उघडायची होती आणि ती चालवायला बाईच हव्या होत्या. फक्त एक करायचं होतं. बाईंनी लिहिल्याप्रमाणे ते तिथे पापुद्रे करणार, मोजणार, आणि आकडे जुळले की बाईंनी यायचं. बाईंनी सोपट, काजळी, कृती सगळं पाठवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मामाला म्हणाल्या, "मामा, मी गेले तर तुम्हाला पण घेऊन जाणार. तिथे काचेवरून सोडवायला कोण आहे?"

मामा आठवडाभर घरात जमिनीपासून चार बोटं वर चालत होता.

दीड महिन्याने उत्तर आलं. आकडे जुळत नाहीत. शंभरपट कमी येताहेत.

बाईंनी इथे पुन्हा केला. मामाने उचलला. आकडा झकास. बाईंनी तेच कळवलं. तिकडून दुसरं पत्र आलं, भाषा जरा ताठ. तिथे ते पापुद्रा चिकटत नाही अशा पसरट भांड्यात सुकवत होते, नुसता उलटा केला की पडायचा. तो अख्खाच होता, सलगच होता, तरी वीज वाहत नव्हती. बाईंना काही उमगेना. त्यांनी हात धुवायचंच सोडलं, आकड्यांवर आकडे चढले.

नेमकी त्याच दिवसांत मामाची दाढ सुजली. डॉक्टरने ती उपटली, तोंडात कापूस कोंबला आणि चार दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं. भांड्यात एक काच तयार होती. मामाला वाफ सोडता येईना. मग त्याने पातळ पोलादी पट्टी पापुद्र्याखाली कडेकडेने सरकवत तासाभरात तो सोडवला. अख्खा निघाला. बाईंनी मोजला. आकडा पडलेला, तिकडच्यांसारखाच.

"हा बिघडलेला दिसतोय," बाई म्हणाल्या. "टाकून द्या मामा." आणि जेवायला गेल्या.

मामाने टाकला नाही. तो पुढ्यात घेऊन बसला. मला हे सांगताना म्हणाला, "भाचेबुवा, शिकलेल्या माणसाला जे दिसलं नाही ते मला दिसलं, कारण मला माहीत होतं मी काय केलं नाही ते." त्याने तोंडातला कापूस काढला. तोच पापुद्रा हातावर घेतला, दोन बोटं अंतरावरून वाफ सोडली, हाऽऽ. रक्ताची चव आली. चकत्यांमध्ये ठेवला, स्क्रू आवळला. आकडा शंभरपट.

मग तो स्टूल ओढून मीटरसमोर बसून राहिला. आकडा हळूहळू उतरायला लागला. पाऊण तासाने होता तिथे आला. मामाने पुन्हा वाफ सोडली, पुन्हा चढला. चार दिवस बाई जेवायला गेल्या की तो हेच करत होता. घंटेवाला डोकावून म्हणाला, "मामा, बाई नाहीत तर मीटरचं लग्न लावताय काय?" मामाचं तोंड सुजलेलं, उत्तर देता आलं नाही.

त्याला कळलं होतं. वीज पापुद्र्यातून वाहतच नव्हती, त्याच्या तोंडच्या ओलाव्यातून वाहत होती. त्याचे हात, त्याचा गुण, चौकटीतलं पान, चाळीसच्या चाळीस आकडे, सगळी त्याच्या थुंकीची करामत. निळ्या खड्यांनी दोन दिवस खपून कोरडं केलेलं त्याने एका दमात ओलं केलं होतं.

सांगायचं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बाई जेवून आल्या, ओला हात पदराला पुसला. मामाने तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "दुखतंय ना? बोलू नका." आणि मामा नाही बोलला. दाढेचं निमित्त चार दिवस पुरलं, पुढे निमित्ताचीही गरज पडली नाही. आज सांगितलं तर बाई विचारणार, काल का नाही? आणि काल सांगितलं असतं तर विचारलं असतं, दोन वर्षं का नाही? गप्प बसण्याचं असंच असतं. रोज एक दिवस शिळं होतं आणि शिळं अन्न वाढायला माणूस जास्तच लाजतो.

शेवटी मोठ्या संस्थेने बाईंनाच बोलावलं. तुम्ही या, तुमच्या हाताने करून दाखवा. बाई मामापाशी आल्या. "तुम्ही चला माझ्याबरोबर. साहेबांना मी विचारते."

"मला बस लागते बाई," मामा म्हणाला.

"पुढची सीट घेऊ."

"नाही हो. ओकून ओकून जीव जाईल. तुम्हालाच माझी उस्तवार करावी लागेल."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि एकट्या गेल्या.

तिथे तीन दिवस त्या पापुद्रे करत होत्या. समोर चार माणसं हाताची घडी घालून उभी. एकही आकडा वर गेला नाही. परत आल्या तेव्हा त्यांचा हात स्वच्छ होता. एक अक्षर नव्हतं त्यावर.

इकडे साहेबांना, म्हणजे विभागाच्या प्रमुखांना, पत्र आलं. आकडे खरे आहेत का ह्याची चौकशी करा. साहेबांनी मामाला खोलीत बोलावलं. टेबलावर बाईंची वही होती.

"मामा, घाबरू नका. खरं सांगा. बाईंनी हे मोजलं, का नुसतं बसून लिहिलं?"

"मोजलं साहेब. माझ्यासमोर. चाळीसही."

"मग दुसऱ्या कुणाला का येत नाही तसं?"

मामा म्हणाला, "ते मला शिपायाला काय कळणार साहेब."

"आयुष्यात एवढं शहाणपणाचं वाक्य मी बोललो नव्हतो," मामा मला म्हणाला. "आणि एवढं हरामखोरीचं पण. साहेबांना जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे शेवटचं वाक्य सोडलं तर. आणि शेवटचंच साहेबांना पटलं."

बाईंना कुणी खोटारडी म्हटलं नाही. पण खोटारडी नाही असंही कुणी म्हटलं नाही. साहेबांच्या दाराआड बसून त्यांनी आपला लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं आणि वर्ष संपताना नोकरी सोडली. जाताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या मामाच्या हातात देऊन म्हणाल्या, "चौकशीत तुम्ही माझ्या बाजूने बोललात, साहेबांनी सांगितलं. मी विसरणार नाही." दारातून वळल्या आणि वर म्हणाल्या, "गुण तुमच्या हाताला होता मामा. माझ्या नव्हता, हे तिथे गेल्यावर कळलं."

हे ऐकूनही माणूस मूग गिळून उभा राहतो म्हणजे कमाल आहे. पण माझा मामा राहिला.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. मामा निवृत्त होऊन गावी आला. घरातल्या बाटल्यांवरची लेबलं काढायचं काम मामीने त्याला दिलं होतं, कारण तेवढंच त्याला नीट यायचं. एका दुपारी मी गेलो तर तो बाटली पाण्यात बुडवून बसलेला, लेबल भिजायची वाट बघत.

"अरे मामा, हाऽऽ कर आणि काढ की," मी म्हणालो. लहानपणापासून बघितलेलं.

"नाही करत मी ते," तो म्हणाला. आणि का नाही ते सांगायला लागला. दोन बाटल्यांची लेबलं भिजून आपोआप निघून आली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. मामी आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मला नऊ वर्षं म्हणताय, झोप येत नाही, पित्त आहे. मी नऊ वर्षं तुम्हाला आवळा चारतेय." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जा, घेऊन जा ह्यांना त्या बाईकडे. वरातीमागून घोडं तर घोडं. निदान दारात तरी बांधून या."

बाई दुसऱ्या एका शहरात शाळेत शिकवत होत्या. पाच तासांचा बसचा प्रवास. मामा मागच्या सीटवर खिडकीशी बसला आणि वाटेत एकदाही ओकला नाही. मी मुद्दाम म्हणालो, "तुला बस लागते ना?"

"कधीच लागत नव्हती," तो म्हणाला.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाई मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, आवाज तसाच. "मामा," त्या म्हणाल्या आणि उठून खुर्ची पुढे केली. मामा बसला नाही. उभ्या उभ्या सगळं बोलला, दाढेसकट. मी काचेच्या कपाटातल्या बरण्या बघत राहिलो.

बाईंनी पुढ्यातली वही मिटली. मग विचारलं, "वाफ?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"किती अंतरावरून?"

"दोन बोटं."

"आणि आकडा परत खाली यायला किती वेळ लागायचा?"

"चकत्यांत आवळलेला असला तर पाऊण तास. मोकळा ठेवला तर चहा निवतो तेवढ्यात निम्म्यावर. आधी भराभर पडतो, मग हळू."

"मोजलंत तुम्ही?"

"चार दिवस. तुम्ही जेवायला जायचात तेव्हा. पुन्हा वाफ दिली की पुन्हा चढतो. कितीही वेळा द्या, थकत नाही."

बाईंनी पेन घेतलं होतं आणि डाव्या हाताच्या पाठीवर लिहीत होत्या. आपण लिहितोय हे त्यांना कळलंही नसावं. दोन बोटं, पाऊण तास, निम्मा. मग पेन थांबलं.

"मामा, काय केलंत हो तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

"उष्टं केलं बाई. मला वाटलं तुम्ही ओरडाल."

"ओरडलेच असते. दोन तास ओरडले असते." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि तिसऱ्या तासाला नाचले असते. अहो, तो पापुद्रा माणसाचा श्वास ओळखत होता. वाफ आली की चढतो, गेली की उतरतो, आणि थकत नाही. वीज वाहते का एवढंच मी बघत बसले. तो काय सांगतोय ते तुम्ही एकटे बघत होता, पाठ करून."

मामा आता कुठे खुर्चीवर टेकला.

"आता निघाल्यात तशा पट्ट्या," बाई म्हणाल्या. "नाकाखाली चिकटवायच्या, आजारी माणसाचा श्वास मोजायला. झाडांच्या धाग्यांपासूनच करतात. दुसऱ्याच कुणीतरी काढल्या. मी मासिकात वाचलं, चांगलं काम आहे. त्यांचं वाचताना मला वाटलं, ह्यांना कसं सुचलं असेल."

घंटा झाली. बाईंनी वह्या गोळा केल्या. जाऊ द्या असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मामानेही मागितलं नाही. दारातून एवढंच म्हणाल्या, "जेवून जा. कोपऱ्यावर चांगलं मिळतं." आम्ही मैदानातून निघालो तेव्हा वर्गाच्या खिडकीतून त्या दिसल्या. मुलं अजून बसायची होती. त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि ओल्या बोटाने हातावरचं पुसत होत्या.

आम्ही जेवलो नाही. बस मिळाली ती पकडली.

घरी आल्यावर मामाने चपला काढायच्या आधी चौकट भिंतीवरून उतरवली. मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला. इतक्या वर्षांच्या दमटपणाने पान पुढच्या काचेला चिकटलं होतं. तीन कोपरे सुटले, चौथ्याने धरून ठेवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने ओठ घट्ट मिटले होते. नखाने धरून ओढलं. पान फाटून आलं आणि खालच्या चार ओळी काचेवरच राहिल्या, बरोबर त्या तेलकट ठशाच्या मागे.

मामी कमरेवर हात ठेवून बघत होती. "काच चांगली आहे," ती म्हणाली. "पाण्यात घाला भिजत. नातीचा फोटो लावू."

मामाने घमेलं ओढलं, काच त्यात आडवी ठेवली आणि लेबलांसारखीच त्या ओळी सुटायची वाट बघत बसला.